यात हात कोणाचा

आर्वी, १८ जून १९८४

चिरंजीव रूपराव,

रागात असशील तरी आशीर्वाद घे. रजिस्टर पत्रासारखा तो नाकारता येत नाही.

सात वर्षांत तुला माझं हे पहिलं पत्र. अक्षर तुझ्या मुलीचं, बोलणं माझं. जिजी आता कॉलेजात जाते, म्हणून माझ्या बोलण्याला इस्त्री करून लिहिते. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. लिहू दे. इंदूरला राहणाऱ्या माणसाची आई जरा शिकलेली दिसली तर काय बिघडलं?

कारण असं आहे. परवा वर्ध्याहून वासुदेवराव नावाचे गृहस्थ आले. शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, आता रिटायर. रेशमी जाळीतून रंग ओढून हातानं छापलेले कागद ते जमवतात. लग्नपत्रिका, गिरडच्या उरुसाची पोस्टरं, खडी गंमतीच्या खेळांच्या जाहिराती. असला शौक असलेली वेडी जिल्ह्यात मी एकटीच, असं मला वाटत होतं. आता दोघं झालो.

माझी पेटी तुला आठवत असेल. दर छपाईचा पहिला कागद बिघडायचा, तू फेकायचास, मी उचलायची. मी त्याला पहिलटकरीण म्हणायची आणि तू चिडायचास. पुढं मी हिंगणघाटच्या अण्णाजींकडून, पुलगावच्या रामाजीकडूनही बिघडलेले कागद मागून आणले. लोक एसटीनं देवाला जातात, मी रद्दीला जायची. आता पेटीत त्रेसष्ट कागद आहेत.

वासुदेवराव जमिनीवर मांडी घालून बसले, एकेक कागद उचलून पाहू लागले. मला बरं वाटलं. मग एक कागद उजेडात धरून ते म्हणाले, "बाई, यात हात कोणाचा?"

मी पेटीचं झाकण लावून टाकलं. त्यांचं बोट थोडक्यात वाचलं.

"विसरले," मी म्हटलं.

जिजी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. कागद कोणी छापला ते मी डोळे मिटून, नुसत्या बोटानं सांगते, हे तिला माहीत आहे.

मग त्यांनी विचारलं, "शहात्तर साली तुमच्या मुलानं मुसकं बांधलेला बैल छापला होता. सगळे कागद जप्त झाले. एखादा कुठं राहिला असेल?"

"नाही," मी म्हटलं.

इथं जिजी लिहायची थांबली. लिही गं. माझंच "नाही" आहे, तुला लिहायला काय जातं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते वर्ध्यात या कागदांचं प्रदर्शन भरवणार आहेत. प्रत्येक कागदाखाली तो कोणी, कसा छापला हे लिहिणार आहेत. तू त्यांना पत्र पाठवलंस म्हणे. काय लिहिलंस ते मला कळव.

मागच्या वेळी तू उभ्या उभ्या गेलास. तुरुंगातून सुटून आलास, मी पाण्याचा पेला पुढं केला, तू डाव्या हातानं घेतलास. मी म्हटलं, "डाव्या हातानं? सात महिने आत राहून एवढंच शिकला का रे?" माझी थट्टेची सवय तुला नवी होती का? पण तू पेला तसाच ओट्यावर ठेवलास. छपाईतला तुझा भागीदार तानबा ओसरीत बसला होता. त्याच्याकडे पाहून म्हणालास, "हा माणूस या घरात चहा पितो तोवर मी पाणी पिणार नाई." जिजीला न्यायला हात पुढं केलास, ती माझं लुगडं धरून बसली. मग तू गेलास.

तानबा अजून येतो. चहा पितो.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
भागीरथाबाई


आर्वी, ९ जुलै १९८४

चिरंजीव रूपराव,

तुझं पत्र जिजीनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

तू वासुदेवरावांना लिहिलंस, की बैलाचा कागद मिळो न मिळो, भिंतीवर त्याची जागा ठेवा आणि खाली लिहा: छापणारा रूपराव, त्याचं नाव पोलिसांना सांगणारा त्याचा भागीदार तानबा. ते लिहिणार आहेत. ब्रशनं, मुठीएवढ्या अक्षरांत.

लिहू नका, असं त्यांना कळव. काऊन म्हणून विचारू नको.

(हा "काऊन" जिजीच्या इस्त्रीतून सुटला वाटतं.)

तू गेल्यापासून इथं काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. तुला नेलं आणि तानबाला नेलं नाही, एवढ्यावर गावानं ठरवून टाकलं. तानबाकडं लग्नाची पत्रिका कोणी छापायला देत नाही. असल्या माणसाच्या हातचा कागद शुभकार्यात नको म्हणतात. त्यानं जाळीची चौकट माळ्यावर टाकली. आता बैलबंड्यांच्या फळ्यांवर मालकांची नावं रंगवतो. पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहतं. हे सगळं नुसत्या बोलण्यावर. बोललेलं एक वेळ हवेत जातं. भिंतीवर लिहिलेलं त्याची नातवंडं वाचतील. मला वाचता येत नाही, म्हणून लिहिलेल्याची भीती मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: "माय, तुला तर सगळ्यांचे हात ओळखू येतात, मग हा काऊन ओळखू आला नाई?" टोमणा चांगला आहे. माझ्याकडूनच शिकलास.

येतात ओळखू. ओल्या कागदांना दोरीवर चिमटे लावायचं काम माझं होतं ना. तुझा उजवा हात जोरकस. रबराची पट्टी ओढताना उजवीकडची रेघ सुरीनं कापल्यासारखी यायची आणि रंग डाव्या कडेला फुगायचा. तानबा अर्ध्यात दम घ्यायला थांबायचा, म्हणून त्याच्या कागदावर मधोमध आडवी सावली. अण्णाजी रंगात रॉकेल जास्त घालतात, त्यांचा हिरवा नेहमी आजारी. पापड कोणाच्या हातचा ते ओळखू येतं, तसंच हे.

वासुदेवरावांच्या आधीही एक पाहुणा माझे कागद पाहायला आला होता. फार गोड बोलायचा. ते राहू दे. आज माझ्या दाढेत दुखून राहिलं आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
भागीरथाबाई


आर्वी, २६ जुलै १९८४

रूपा,

आज इस्त्री बंद. जिजीले सांगितलं, मी जशी बोलते तशी लिही, एक अक्षर इकडचं तिकडं नको. काऊन ते सांगते.

तुझं पत्र आलं. जिजी वाचून राह्यली होती. त्यात तू म्हणतो, "माय, लिहू नका म्हणतेस पण कारण सांगत नाहीस. तानबानं केलं नाही असंही म्हणत नाहीस." मी म्हटलं, थांब, पुन्हा वाच. अन् मी जिजीच्या तोंडाकडे पाह्यलं.

मागच्या पत्रात मी सांगितलं होतं, "तानबानं तुझं नाव घेतलं नाई, मले पक्कं माहीत आहे." हे वाक्य जिजीनं लिहिलंच नाई.

"काऊन गाळलं?" मी म्हटलं.

"खोटं आहे म्हणून," ती म्हणे. "बाबाले नेलं अन् याले तापाचं निमित्त झालं. तुले पक्कं माहीत आहे तं कसं माहीत आहे ते सांग. मग लिहिते."

पाह्य, पोरगी कोणावर गेली.

मी तशीच उठली अन् पोस्टात गेली. नानाजी पोस्टमन लोकांची पत्रं लिहून देते. त्यानं चष्मा लावला, कागद घेतला, म्हणे, "बोला काकू, काय मजकूर?" मी तोंड उघडलं. मग ध्यानात आलं, की नानाजीले सांगितलेलं एसटीच्या आधी डेपोत पोचते. मी म्हटलं, "लिही, पाऊस बरा आहे." त्यानं लिहिलं. "पुढं?" "पुढं काई नाई. बराच आहे." ते कार्ड तुले भेटलं असंल तं हसू नको.

घरी आली तं दुसरं संकट. जिजी पांघरते त्या गोधडीतून कागद वाजल्यासारखा आवाज येते. ती लहानपणापासून विचारे, मी म्हणे, म्हातारी झाली गोधडी, तिची हाडं वाजतात. त्या दिवशी तिनं ब्लेड घेऊन शिवण उसवली. मी दारात उभी, अन् तिच्या मांडीवर बैल.

मुसक्याचा बैल, रूपा. तुझी पहिलटकरीण. आठ वर्षं तुझी पोरगी तिच्याखाली झोपली.

 कागद तिनं आपल्या ट्रंकेत ठेवला अन् किल्ली गळ्यात घातली. वासुदेवराव बारा तारखेले पेटी न्यायले येणार आहेत. "तेव्हा देईन," म्हणे. "बाबाचा कागद आहे. खाली बाबाचं नाव पाहिजे. अन् त्याचंही."

"कोणाचं?"

"तुझ्या चहावाल्याचं."

बारा दिवसांवर आली बारा तारीख... नाई, जिजी म्हणते सतरा. ठीक आहे, सतरा.

तू विचारतो, तानबा नव्हता तं कोण होतं. मी सांगीन. पण तुझ्याजवळ पोचायच्या आधी ते हिच्या कानातून अन् हिच्या हातातून जाते. तुमी शिकलेले लोक कागद घेता, कोपऱ्यात बसता, लिहून मोकळे होता. मले जे लिहायचं ते आधी कोणाच्या तरी तोंडावर बोलावं लागते. समजते का तुले?

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
भागीरथाबाई


आर्वी, ११ ऑगस्ट १९८४

रूपा,

उद्या वासुदेवराव येतात. म्हणून आज.

जिजे, मधात पेन ठेवायचं नाई. रडायचं तं लिहिता लिहिता रड.

त्या वर्षी, आणीबाणीत, श्रावणात, तू रंग आणायले अमरावतीले गेलता. तानबा समोर त्याच्या ओट्यावर खाटेवर पडला होता, तापानं. बैलाचे कागद तू एकट्यानं ओढले होते, तो उठूच शकत नव्हता. दुपारी एक माणूस आला. पांढरा सदरा, खांद्याले झोळी. चपला बाहेर काढल्या. मले ते आवडलं. म्हणे, "आजी, ऐकलं की तुमच्याकडे छापलेल्या कागदांची पेटी आहे. मीही जमवतो."

रूपा, तोवर मले कोणी असं म्हटलं नव्हतं. तुझा बाप म्हणे, रद्दीवाली. तू म्हणे, घर भरून टाकलं. अन् हा माणूस पायावर पाय घेऊन माझ्यासमोर बसला अन् एकेक कागद विचारून राह्यला. मी चहा केला. मग दुसऱ्यांदा केला. अण्णाजीचा आजारी हिरवा दाखवला, तो हसला. मी रंगात आली.

मग त्यानं झोळीतून बैल काढला. म्हणे, "आजी, यात हात कोणाचा?"

यात हात कोणाचा. शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात हा प्रश्न कसा असते, ते मले आता समजते. कोण सामील, कोण गुन्हेगार. माझ्याकडं हात म्हणजे हात. स्वयंपाकात हात, शिवणात हात. कारागिरी विचारून राह्यला असं मले वाटलं. खाली अक्षरं होती ते दिसत होतं, पण मले अक्षरं म्हणजे मुंग्या. मले वाटलं, डवरणीच्या दिवसांतली औताची जाहिरात असंल. कापसात औत फिरते तेव्हा बैलानं झाडं खाऊ नये म्हणून बांधतोच ना आपण मुसकं.

मी तो कागद उजेडात धरला. डाव्या कडेवरून बोट फिरवलं. अन् मी म्हटलं, जसंच्या तसं लिही जिजे: "बैल आमचा ढवळ्या आहे. मुसकं मी स्वतः विणलेलं आहे. अन् हात माझ्या रूपाचा आहे. असा हात जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नाई."

तेवढ्यावर थांबली नाई. त्याची खात्री पटावं म्हणून पेटीतून पहिलटकरीण काढली अन् शेजारी ठेवली. पाहा म्हटलं, तोच फुगवटा. त्यानं डायरी काढली अन् तुझं नाव लिहून घेतलं. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मी सगळं सांगितलं. मले वाटलं, माझ्या लेकाचं नाव कोणीतरी वहीत लिहून राह्यलं.

पहिलटकरीण त्यानं मागितली. मी म्हटलं, ही माहेराहून हलत नाई. तो हसला. "असू द्या आजी, मी परत येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू अमरावतीहून परतला न परतला तं जीप आली. तुले मागं बसवलं. पुढं तो बसला होता, आता टोपी होती डोक्यावर. जातानी त्यानं मले नमस्कार केला. ते घराची झडती घ्यायले परत यायच्या आत मी गोधडी उसवून कागद आत घातला अन् शिवून टाकला. खाली "तोंड सोडा" लिहिलं आहे, हे मले मागून तानबानं सांगितलं.

इथं जिजीनं लिहिलं, "त्यानं आजीला फसवून नाव काढून घेतलं." मले वाचता येत नाई, पण मी लांब बोलली अन् पेन आखूड चाललं, हे मले ऐकू येते. वाच म्हटलं. तिनं वाचलं. खोड म्हटलं. त्यानं काढून घेतलं नाई. मी दिलं. वरून दोनदा चहा दिला.

तू सुटून आला तेव्हा सांगणार होती. पेला घेऊन उभी होती ते सांगायलेच. मग थट्टा करून बसली, तू गेला. लोकांनी तानबाचं नाव घेतलं. मी हो म्हटलं नाई. नाई पण म्हटलं नाई. त्याले चहा देत राह्यली.

जिजीनं शाई पुढं केली नाई. मी चुलीतलं काजळ लावून घेतलं.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
भागीरथाबाई


आर्वी, २१ ऑगस्ट १९८४

रूपा,

अक्षर पाहून फाडू नको. तानबाचं आहे. जिजी दहा दिवस झाले माझ्याशी बोलत नाई. भाकर वाढते, बोलत नाई. म्हणून यालेच बसवलं. अन् न्याय पण तोच आहे, की यानंच लिहावं.

अकराचं पत्र टाकायले जिजी गेली अन् तानबा चहाले आला. मी म्हटलं, बस. कप त्याच्या हातात दिला अन् सांगून टाकलं. सगळं. पाहुणा, डायरी, हात.

तानबानं फुंकर मारली, एक घोट घेतला.

"मले माहीत होतं, काकू," म्हणे.

"काय माहीत होतं?"

"तो माणूस तुमच्या ओसरीतून निघाला तेव्हा मी खाटेवर जागाच होतो. तुमी त्याले फाटकापर्यंत सोडायले आलत्या. अन् दुसऱ्या दिवशी तोच जीपमधी."

"मग आठ वर्षं बोलला काऊन नाई?"

"तुमी कधी बोलता ते पाहून राह्यलो होतो. रोज येत होतो ना."

रूपा, मले वाटे हा बिचारा एकटा आहे, मी याले चहा पाजून उपकार करून राह्यली. अन् हा रोज सकाळी येऊन माझ्यासमोर बसे, माझं तोंड उघडते का पाहायले. घोट घोट. मी साखर जास्त टाकत होती.

तानबा विचारते, हे लिहू का काकू? लिही रे. त्यानं पुढं असंही म्हटलं: "आज चहा नको." अन् अर्धा कप ठेवून गेला. तो आजपर्यंत आला नाई. पत्र लिहायचं आहे असं सांगून बोलावलं तेव्हा आला. आताही समोर कप आहे, त्यानं उचलला नाई. तुमा दोघांची ही एक खोड सारखीच आहे, भरलेलं भांडं ठेवून देता.

वासुदेवराव बाराले आले. मी म्हटलं, मास्तर, बैलाखाली काय लिहायचं ते मी सांगते. त्यांनी ऐकलं अन् चष्मा पुसत बसले. म्हणे, "बाई, इतकं कशाला? नाव सांगणारा अज्ञात, असं लिहू." मी म्हटलं, अज्ञात म्हणजे गाव पुन्हा तानबाच वाचणार. माझं नाव लिहा. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, सगळं. त्या पाहुण्यालेही तसंच सांगितलं होतं, मले पाठ आहे.

मधल्या दाराआड जिजी उभी होती. ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बैल आणून तिनं मास्तरांच्या हातात दिला. माझ्याकडं पाह्यलं नाई. पण दिला.

तू मले लिही असं मी म्हणत नाई. तुले शिव्या सुचत असतील, अन् त्या जिजीले वाचाव्या लागतील. त्यापेक्षा एक कर. तिथं तू चादरी छापतो ना, त्या नक्षीचा एक बिघडलेला कागद पाठव. हात पाह्यला म्हणजे मले समजंल तू कसा आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
भागीरथाबाई


आर्वी, ४ सप्टेंबर १९८४

रूपा,

अक्षर जिजीचं आहे. बोलते आता. कमी बोलते.

प्रदर्शनाले आमी तिघंही गेलतो. एसटीत तानबा पुढच्या बाकावर, आमी मागं. भिंतीवर माझे त्रेसष्ट अन् बैल चौसष्टावा. त्याच्याखाली मास्तरांनी ब्रशनं लिहिलेलं. जिजीनं वाचून दाखवलं: "छपाई रूपराव. छापखाना रूपराव व तानबा यांचा. छापणाऱ्याचं नाव सांगितलं ते त्याची आई भागीरथाबाई, आर्वी, हिनं. तानबानं सांगितलं नाही."

मी त्याच्याखालीच उभी राह्यली. मले वाचता येत नव्हतं, पण लोकांची तोंडं वाचता येत होती. आधी बैलाकडं पाहत, मग अक्षरांकडं, ओठ हलवत. एक बाई मोठ्यानं वाचून म्हणे, "असी कशी माय?" मी म्हटलं, "असी." तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग पुन्हा भिंतीकडं, अन् पदर सावरून पुढं गेली. जिजीनं तेव्हा माझं मनगट धरलं. अजून दुखते.

आर्वीचे सदाशिवराव आले होते. सात वर्षं ज्यांच्या पंगतीत तानबाच्या बाजूचं पान रिकामं राहे, ते. दोनदा वाचलं त्यांनी. मग तानबाजवळ गेले, खाकरले, म्हणे, "माघात पोरीचं लग्न आहे. पत्रिका कोण छापते आता गावात?"

तानबानं नखातला रंग खरडला. मले वाटलं, आता हा कप ठेवून देते. मग म्हणे, "जाळी ताणाव लागंल. उंदरांनी खाल्ली."

हे झालं सत्तावीस तारखेले. अन् परवा नानाजीनं इंदूरची गुंडाळी आणली. आत चिठ्ठी नाई. एक कागद, निळ्या वेलीचा, कोपऱ्यात बिघडलेला.

मी दारात बसली, कागद उजेडात धरला. डाव्या कडेवर बोट फिरवलं. सपाट. रेघ सुरीनं कापल्यासारखी. उजवीकडं पाह्यलं तं रंग तिकडं फुगलेला.

मले हात ओळखू आला नाई, रूपा. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, एवढा राग, की दुसऱ्या कोणा डावऱ्याचा कागद पाठवला. मायची परीक्षा घेते.

तानबा माळ्यावरून चौकट काढून राह्यला होता. त्याले हाक मारली. त्यानं हात पुसले, कागद घेतला, बराच वेळ पाह्यला.

"रूपाच आहे, काकू," म्हणे. "शेवटी पट्टी उचलतानी झटका देते ना तो, खालची कड पाहा. हा झटका त्याचाच."

"मग फुगवटा उजवीकडं काऊन?"

 त्यानं कागद माझ्या मांडीवर ठेवला अन् आपला उजवा हात पाठीमागं घेतला, अन् डावा पुढं केला. पेला घेतल्यासारखा.

मले तो ओटा दिसला. पेला दिसला. तू अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, चैताच्या उन्हात. उजवी बाही खाली लोंबत होती, अन् मी तुझ्या तोंडाकडं पाहत होती, थट्टा कशी करावं ते शोधत. जिजीले घ्यायले तू हात पुढं केला तो पण डावाच होता.

उजव्या हाताले काय झालं, रूपा? आत झालं का? मूठ वळते का? आंघोळीले पाणी कोण काढून देते?

अन् मी म्हटलं, एवढंच शिकला का.

कोर्टात जा, तहसिलीत जा, माझा डावाच अंगठा मागतात. तोच खरा धरतात. माझ्यापर्यंतच्या आठ पिढ्यांत आमी कोणी दुसरी सही केली नाई. अन् मले लेकाचा डावा हात ओळखू आला नाई.

जास्त लिहीत नाई. जिजीच्यानं लिहिणं होत नाई आता. पोस्टाची वेळ झाली.

ये. तानबा जाळी ताणून राह्यला आहे, त्याले एकट्याले जमत नाई, एका बाजूनं ढिली पडते. ओट्यावर माठ भरून ठेवला आहे. ज्या हातानं घेशील त्या हातानं घे. मी तोंडाले मुसकं बांधून उभी राहीन.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
तुझी माय